लोअर केलेली गाडी स्पीडब्रेकरवर ‘धाड’ वाजायची: माझा अनुभव

जुन्या स्पोर्ट्स कारला ४० मिमीने खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्या, शॉक (धक्के शोषणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर) मूळचेच ठेवले. सोलापुरातल्या विजापूर रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरवर पुढून धाड! लिंक रॉड (सस्पेन्शनला अँटी-रोल बारशी जोडणारे छोटे दांडे) बदलले, टायरची हवा वाढवली, फरक शून्य. दोन महिने डोक्याला नुसता ताप.

शेवटी कारण सापडलं: गाडी चाकांवर उभी राहिली की शॉकचा दांडा बम्प स्टॉपला (शॉक पूर्ण दबल्यावर त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) जवळजवळ टेकलेलाच असायचा.

मग उपाय म्हणून आधी फक्त २५ मिमीने खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि त्यांच्याच मापाचे आखूड शॉक घेतले. बम्प स्टॉप नवे. कंट्रोल आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याच्या) रबरी बुशचे बोल्ट जॅकवर नुसते हाताने लावले. गाडी चाकांवर उतरवून, पुढेमागे ढकलून, मगच टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळले. चाकं लोंबकळत असताना आवळले की बुश पिळलेलाच राहतो (पहिल्या वेळी नेमकं हेच झालं होतं). शेवटी चाकांची अलाइनमेंट, स्प्रिंगा वापरून स्थिरावल्यावर पुन्हा एकदा. आता होटगी रोडलाही आवाज नाही.