जुन्या पिकअपसाठी सेकंडहँड इंजिन घेताना

कुर्ल्याच्या भंगारबाजारात इंजिन बघायला जाल तर आधी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढा. ऑइल दुधाळ दिसलं, की समजा पाणी शिरलंय. पावसात बुडालेल्या गाडीचं इंजिन धुऊनपुसून विकतात. चिखल मात्र अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोच्या) जाळीत अडकून राहतो. पाणी ओढलेल्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकतो, पिस्टन पूर्ण वर येत नाही, म्हणून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजायला लावा. एखादा बाकीच्यांपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर स्वस्तातही नको.

मॉडेल कोड जुन्या इंजिनचाच हवा, नाहीतर माउंटिंग आणि वायरिंगमध्ये पैसे जातात. इंजिनवर कोरलेला नंबर घासलेला नको. बिल घ्या, नवा नंबर आरटीओत आरसीवर चढवा. बसवण्याआधीच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, मागचं क्रँक सील (क्रँकशाफ्टपाशी ऑइल अडवणारं) बदला. सीलसाठी नंतर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.