सातपुड्यात पायी निघताय? शिकायचं कुठे, सांगून जायचं कोणाला, अडकलात तर हाक कोणाला मारायची

लळिंगचा किल्ला मुंबई-आग्रा महामार्गावरून दिसतो, तोरणमाळला वरपर्यंत गाडी जाते, पाटणादेवीला सुटीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे डोंगरात जाण्यासाठी काही शिकावं लागतं, हे खानदेशात कोणाला पटतच नाही. आपली अडचण मात्र वेगळीच आहे. लोणावळ्यात शिवदुर्ग मित्र, खोपोलीत यशवंती हायकर्स अशी दोर-स्ट्रेचर घेऊन धावणारी मंडळी गावातच राहतात. नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या नाळेत, म्हणजे उभ्या अरुंद घळीत, पाय मोडला तर तशी टीम पोहोचेपर्यंत दिवस मावळतो. म्हणून मदतीची साखळी आपण घरून निघतानाच जोडून ठेवायची.

शिकायचं कुठे

महाराष्ट्रातल्या गिर्यारोहण संस्थांची शिखर संस्था म्हणजे अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ. क्लब निवडताना तो महासंघाशी जोडलेला आहे का, हे आधी विचारा. खानदेशाला सोयीचं शहर नाशिक. वैनतेय गिर्यारोहण व गिरिभ्रमण संस्था तिथलीच. यूथ हॉस्टेल्स असोसिएशनच्या हिमालयातल्या मोहिमांत पाठीवर सॅक घेऊन रोज चालायची सवय होते आणि खिशालाही फार चाट बसत नाही. उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था (१९६५) आणि दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (१९५४) यांचा बेसिक कोर्स जवळपास महिनाभराचा असतो. लळिंग चढायला त्याची काही गरज नाही. पण तुमच्या ग्रुपमधला एक जण तरी तो करून आलेला असेल, तर बाकीच्यांचं पुष्कळ निभावतं.

शिबिरात काय शिकवतात ते नीट विचारून घ्या. आपल्याकडे पहिल्याच दिवशी रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, ठेवतात, कारण फोटो छान येतात. माझ्या मते दोर सगळ्यात शेवटी. आधी उतरायला शिका, कारण थकलेले पाय घसाऱ्यावर उतरतानाच दगा देतात. मग प्रथमोपचार, मग वाट ओळखणं. ब्रिटनमध्ये माउंटेनिअरिंग स्कॉटलंडसारख्या संस्था नवख्याला नकाशा, होकायंत्र आणि हवामानाचा अंदाज यांवरच खिळवून ठेवतात. तिथली माउंटन रेस्क्यू पथकंही बहुतांशी स्वयंसेवकांचीच आहेत. ९९९ फिरवायचा, पोलीस मागायचे आणि पोलिसांकडे माउंटन रेस्क्यू मागायचा, एवढं तिथल्या भटक्याला पाठ असतं.

सातपुड्यात वाट चुकते ती बहुधा ढोरवाटेमुळे. गुरं उतारावर आडवी चरत जातात, त्यामुळे त्यांच्या पाऊलवाटा एकाखाली एक अशा चार-पाच समांतर रेघांसारख्या दिसतात आणि गवतात किंवा पाण्यावर जाऊन विरतात. माणसांची वाट एकच असते. ती सोंड (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) किंवा खिंड धरते, तिच्यावरचे दगड पायांनी गुळगुळीत झालेले असतात आणि बाजूच्या फांद्यांवर कोयत्याचे जुने घाव दिसतात. हे शिबिरात कोणी शिकवत नाही. पाड्यावरच्या वाटाड्याबरोबर अर्धा दिवस चाला, आपोआप कळेल. त्याला मजुरी मात्र ठरवून द्या, ‘चहापाणी’ म्हणून वाटेला लावू नका.

पैसे भरून जात असाल तर

व्हॉट्सॲपवर पोस्टर येतं: ‘पावसाळी ट्रेक, नाश्ता-जेवणासह’. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ सालचं आहे आणि त्यानुसार अशा आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी क्रमांक मागा. किती माणसांमागे एक लीडर, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणाला, विमा आहे का आणि पाऊस जास्त झाला तर पैसे परत मिळतात का, हेही विचारा. शेवटच्या प्रश्नावर जो गुळमुळीत बोलतो, तो नाल्याला पूर आला तरी माघारी फिरणार नाही.

प्रवासाचंही विचारा. २०२५च्या दिवाळीत नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंबा डोंगरावरच्या यात्रेहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात अपघातात सापडली आणि माणसं गेली. अस्तंबा १,३०० मीटरहून उंच आहे, पण यात्रेकरू तो चढून-उतरून सुखरूप येतात आणि घात होतो तो गाडीत. मालवाहू गाडीच्या हौद्यात बसायचं असेल, तर ट्रेकच रद्द करा.

निघण्याआधीची चिठ्ठी

गौताळा औट्रमघाट आणि यावल ही दोन्ही अभयारण्यं आहेत. वनविभागाच्या नाक्यावर नोंद केल्याशिवाय आत शिरू नका. ती नोंद म्हणजे तुम्ही आत आहात याचा पहिला पुरावा. दुसरा पुरावा घरी ठेवायचा. एका कागदावर लिहा: कोणकोण जाणार, गाडीचा नंबर, गाडी कुठे लावणार, चढायची वाट, उतरायची वाट, खालच्या गावाचं नाव, पोलीस पाटलांचा फोन, कोणाला दमा-मधुमेह आहे का आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. ही शेवटची वेळ सगळ्यात महत्त्वाची. ‘संध्याकाळपर्यंत येतो’ असं लिहू नका, ‘साडेसातपर्यंत’ असं लिहा. वेळेत खाली आलात की त्या माणसाला लगेच फोन करा, नाहीतर तुम्ही ढाब्यावर शेवभाजी खात असाल आणि इकडे चार गावं कंदील घेऊन तुम्हाला शोधत फिरतील.

सॅकमध्ये शिट्टी, टॉर्च, क्रेप बँडेज, ओआरएसची पाकिटं आणि माणशी तीन-चार लिटर पाणी हवंच. केळी न्यायची तर जरा कच्ची न्या, पिकलेली सॅकमध्ये शिकरण होतात. परदेशी मंडळी सॅटेलाइटवर चालणारं संदेशयंत्र बाळगतात, ते पाहून मागवू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते आपल्याकडे बेकायदेशीर आहे.

मार्च ते जून लळिंग, भामेरसारख्या उघड्या कातळावर सकाळी दहानंतर थांबू नका. खानदेशात दरीइतकीच भीती उन्हाची. चालणारा बरळायला लागला, अंग तापून कोरडं पडलं, तर त्याला सावलीत आडवा करा, कपडे ओले करून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. पावसाळ्यात पाटणादेवीकडच्या केदारकुंडासारख्या ठिकाणी वर ढग दाटले की नाल्यातून बाहेर पडायचं. कडेकपारीला आग्या मोहोळ असेल तर धूर नको, अत्तर नको, आरडाओरडाही नको.

प्रसंग आलाच तर

आधी सगळ्यांनी खाली बसा. पाच मिनिटं गेल्याने काही बिघडत नाही. घाईत दुसरा माणूस घसरतो, ते जास्त वाईट. मग फोन. ११२ हा आपत्कालीन क्रमांक. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो. रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. डोंगरातल्या शोध-बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन आहे: ७६२०२३०२३१. फोन घेणारे गिर्यारोहकच असतात. ते जवळची टीम, गावकरी आणि पोलीस यांची सांगड घालतात. हे काम स्वयंसेवेचं आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यातच आहे. तिला बोलावण्याचा रस्ता मात्र जिल्हा प्रशासनातून जातो, म्हणून १०७७ विसरू नका.

फोनवर रडगाणं नको. ‘आम्ही अमुक किल्ल्याच्या उत्तरेच्या सोंडेवर, टाक्याच्या खाली, सहा जण, एकाचा घोटा मोडलाय, शुद्धीवर आहे, बॅटरी तीस टक्के’ इतकंच सांगा आणि लोकेशन एसएमएसने पाठवा. कॉल लागत नाही तिथून कधीकधी एसएमएस निघून जातो. नंतर ठरलेल्या वेळेलाच फोन चालू ठेवा. नातेवाइकांचे फोन घेता घेता बॅटरी संपते आणि बचाव पथकाला नंबर बंद लागतो.

रेंज नसेल तर दोघांनी गावात जायचं, एकाने तरी जखमीपाशी थांबायचं. थांबणाऱ्याने खूण द्यायची: एका मिनिटात सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. बऱ्याच देशांतल्या डोंगरांत ही खूण चालते. उत्तर म्हणून मिनिटाला तीन येतात.

पाड्यावर पोहोचलात की पोलीस पाटील किंवा कारभारी यांना गाठा. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून गाडीरस्त्यापर्यंत आणायचं काम ही माणसं वर्षानुवर्षं करत आली आहेत. मोडलेल्या पायाला काठ्या बांधून तशी झोळी चालते. पण उंचावरून पडलेला असेल, मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर झोळी नाही. त्याला हलवूच नका, पांघरूण घाला, स्ट्रेचर येऊ द्या. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातपाय स्थिर ठेवून थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचं.

गावातच पथक उभारायचं असेल तर

जळगाव, धुळे, नंदुरबारात दर आठवड्याला डोंगरात जाणारे ग्रुप आहेत. त्यातल्या आठ-दहा जणांनी मनावर घेतलं तरी पुरे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला लेखी कळवा, ‘आपदा मित्र’ या आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांच्या सरकारी प्रशिक्षणाची चौकशी करा, महासंघाकडून बचावाचं शिबिर मागा. तोवर पायथ्याच्या गावांच्या पोलीस पाटलांचे नंबर गोळा करून दर पावसाळ्याआधी तपासत जा. पैसे जमले की आधी स्ट्रेचर घ्या, दोर नंतर. ते रात्री-बेरात्री उघडता येईल अशा घरी ठेवायचं. कॉलेजच्या कपाटात ठेवलंत तर रविवारी शिपाई सुटीवर असतो.