गाडी आणि गॅरेजसाठी नवीन हत्यारं घेताय? या चुका टाळा

कोल्हापुरात गाडीचा नाद असलेली दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भावा, नवीन काय घेतलंस?" लगेच खिशातून मोबाईल निघतो. कुणी कॉर्डलेस इम्पॅक्ट (ठोके देत नट सोडवणारं बॅटरीवरचं मशीन) घेतलेला असतो, कुणी गाडीतला बिघाड वाचणारा स्कॅनर, कुणी वेल्डिंग मशीन. एकानं घेतलेली वस्तू चौघांनी हाताळून बघावी, यासारखी चांगली गोष्ट नाही. पण बोलणं "केवढ्याला पडलं?" याच्यापुढं फारसं जात नाही. वस्तू कुठल्या कामासाठी घेतली आणि त्या कामाला ती पुरली का, हे राहूनच जातं. म्हणून एकानं केलेली चूक दुसरा पुन्हा पैसे घालून करतो. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती हाकेच्या अंतरावर असताना तरी असं होऊ नये.

व्होल्टच्या आकड्यांना भुलणं

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात. एका डब्यावर 18 व्होल्ट, दुसऱ्यावर 20 व्होल्ट मॅक्स, तिसऱ्यावर 21 व्होल्ट. तिन्हींच्या बॅटरीत लिथियमचे पाचच सेल ओळीनं जोडलेले असतात. एक सेल सरासरी 3.6 व्होल्टचा, म्हणजे पाचांचे 18. पूर्ण चार्ज झाल्यावर तोच सेल 4.2 पर्यंत जातो, म्हणून 21. ताकदीत त्यानं काही फरक पडत नाही. 10.8 आणि 12 व्होल्टची गोष्टही हीच, फक्त तिथं सेल तीन. स्वस्त बॅटरीवर 48 किंवा 88 च्या पुढं 'व्हीएफ' छापलेलं दिसतं. तो नुसता छापलेला आकडा आहे, त्यावरून व्होल्टेज समजू नका.

अँपिअर-अवरचा, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचा, दावा तपासायला वजनकाटा पुरतो. या बॅटऱ्यांत बहुतेक वेळा 18650 आकाराचे सेल असतात. असा एक सेल साधारण 45 ग्रॅमचा आणि त्याची क्षमता सहसा साडेतीन अँपिअर-अवरच्या वर जात नाही. म्हणजे या सेलची 6 अँपिअर-अवरची खरी बॅटरी हवी असेल तर आत दहा सेल लागतात. नुसत्या सेलचंच वजन साडेचारशे ग्रॅम झालं, वर कवच आणि सर्किट वेगळं. सगळी बॅटरी मिळून साडेतीनशे ग्रॅम भरत असेल तर आत पाच सेल आहेत हे नक्की. किराणा दुकानाच्या काट्यावरसुद्धा हे कळतं.

चाकाच्या नटावर इम्पॅक्ट दोन ठोके मारून बंद पडतो, थोड्या वेळानं परत चालू होतो, अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. मशीनला दोष देण्याआधी त्याच कंपनीची खात्रीची बॅटरी मित्राकडून मागून लावून बघा. बहुतेक वेळा सेल करंट देऊ शकत नाहीत, म्हणून आतलं सर्किट पुरवठा तोडतं. आणि इम्पॅक्टवर चकचकीत क्रोमच्या गोट्या (सॉकेट) लावू नका. त्या हाताच्या पान्यासाठी असतात, ठोक्यानं फुटतात आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. इम्पॅक्टच्या काळ्या गोट्या वेगळ्या मिळतात.

शंभर नगांचा सेट

मोठी पेटी फोटोत छान दिसते, पण त्यातला अर्धा ऐवज इंचातल्या गोट्या आणि स्क्रू-बिट्सचा असतो. मारुतीसारख्या जपानी घराण्यातल्या गाडीला 8, 10, 12, 14, 17 आणि 19 मिलिमीटर एवढ्यांत बरंचसं काम होतं. फोक्सवॅगन किंवा स्कोडा असेल तर 13, 16 आणि टॉर्क्स (ताऱ्यासारख्या खाचेचे बिट) लागतात. आधी आपल्या गाडीखाली वाकून कुठले बोल्ट आहेत ते बघा, मग तेवढ्याच चांगल्या गोट्या घ्या. सहा कोनांच्याच घ्या. बारा कोनांची गोटी बोल्टाला टोकाजवळ धरते आणि गंजलेला बोल्ट गोल करून ठेवते. जुन्या जपानी मोटारसायकलींच्या फुलीच्या स्क्रूचंही असंच. त्यांची खाच जपानी मापाची असते, साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यातून वर सटकतो आणि खाच खाऊन टाकतो.

डिजिटल व्हर्निअर घेतलंत तर 6203 नंबरची नवीकोरी बेअरिंग सोबत ठेवा. बाहेरचा व्यास 40 मिलिमीटर, आतला 17, जाडी 12. दोन्ही व्यास मोजा, जाडीवर मात्र विसंबू नका, तिच्यात जास्त फरक चालतो. बेअरिंगच्या व्यासातली चूक व्हर्निअरला कळणार नाही इतकी बारीक असते, त्यामुळं मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशापेक्षा जास्त फरक दिसला तर दोष व्हर्निअरचा. दुकानातच तपासा, तिथल्या तिथं बदलून मिळेल.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोरानं नट आवळायचा पाना, याबद्दल एकच सांगतो. त्यानं नट सोडवायचा नाही, आणि काम झाल्यावर त्याला पट्टीवरच्या सगळ्यात कमी आकड्यावर आणून ठेवायचं. स्प्रिंग दाबलेली राहिली तर माप बदलत जातं.

जॅकवर विश्वास

हे मी कळकळीनं सांगतो. गाडीखाली शिरायचं असेल तर जॅकच्या आधी घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) घ्या. हायड्रॉलिक जॅक एका रबरी सीलवर उभा असतो. ते सील कधी सोडेल याचा नेम नाही. आपल्याकडं बऱ्याच अंगणांत पेव्हर ब्लॉक असतात, त्यावर घोडीचा पाय एका बाजूनं खचतो. खाली जाड लोखंडी प्लेट टाका, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि गाडी घोड्यांवर टेकल्यावर वरून जोरात हलवून बघा. त्यानंतरच खाली जायचं.

स्कॅनर

पाचशे-सातशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनातल्या बिघाडाचे कोड दाखवतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड तो बहुतेक गाड्यांत वाचत नाही, त्यामुळं "स्कॅन केलं, काही नाही" म्हणून ब्रेकचा दिवा दुर्लक्षू नका. पी0300 म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं. प्लग, कॉइल, इंजेक्टर, कारण कुठलंही असू शकतं. कोड पुसण्याआधी तो आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम (बिघाड झाला त्या क्षणाची इंजिनची नोंद) लिहून ठेवा, एकदा पुसला की ती माहिती जाते. गाडी उभी असताना स्कॅनर सॉकेटमध्ये ठेवू नका, बॅटरी उतरते.

पावसाळा विसरून केलेली खरेदी

जूनपासून आपल्याकडं हवा ओलीच असते. पावसात उघडा राहिलेला वेल्डिंग रॉड चिकटतो, तडतडतो आणि वेल्डात बारीक भोकं सोडतो. पाकीट फोडलं की उरलेले रॉड हवाबंद डब्यात टाका. कोरडा रॉडही चिकटत असेल तर वायर बघा. अडीच मिलिमीटरचा 6013 रॉड 70 ते 90 अँपिअरवर चालतो, पण बारीक वायरीच्या लांब एक्स्टेंशनवर व्होल्टेज इतकं पडतं की मशीनच्या पडद्यावर 90 दिसूनही आर्क धरत नाही. किमान अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची वायर वापरा आणि रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते. गाडीवर वेल्डिंग करताना बॅटरीचं निगेटिव्ह टोक काढा आणि अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा.

कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं. काम संपलं की खालचा कॉक उघडा, नाहीतर टाकी आतून गंजते आणि स्प्रे करताना रंगावर पाण्याचे थेंब बसतात. पाऊस चालू असताना थिनरचा रंग मारला तर वर पांढुरका थर धरतो. तो दिवस सोडून द्यावा. पंचगंगेचं पाणी 2019 आणि 2021 मध्ये कुठवर चढलं होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांनी मोटर असलेली कुठलीही वस्तू तळमजल्यावर जमिनीवर ठेवू नये.

उद्यमनगरातली जुनी मशिनं

इथं आपलं नशीब मोठं. जुनी बीडाची व्हाइस (काम धरायचा शिकंजा) किंवा छोटा लेथ नव्या हलक्या मालापेक्षा कितीतरी चांगला निघू शकतो. व्हाइस घेताना जबड्याच्या दोन्ही टोकांना कागदाची पट्टी धरून आवळा. एक पट्टी निसटत असेल तर जबडे वाकडे आहेत. लेथचा बेड, म्हणजे ज्यावर हत्याराचं कॅरेज सरकतं तो पाट, चकाजवळ (काम पकडतो त्या टोकाला) जास्त झिजतो. तिथं कॅरेज सैल चालत असेल आणि दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडं नेताना घट्ट होत असेल, तर नुसतं आवळून तो प्रश्न सुटत नाही. क्रॉस स्लाइडचा (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाचा) ढिलेपणा मात्र बऱ्याचदा काढता येतो, त्यासाठी चांगलं मशीन सोडू नका.

खरी अडचण घरी आणल्यावर येते. मोटर थ्री फेज असते आणि घरात सिंगल फेज. व्हीएफडी (मोटरला थ्री फेज वीज देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावून हे जमतं, पण सिंगल फेजवर चालणारा साधा व्हीएफडी 230 व्होल्टचे तीन फेज देतो. मोटरच्या पाटीवर 230 डेल्टा, 415 स्टार असं (वायंडिंग जोडायच्या या दोन पद्धती) दोन्ही असेल तर जोडणी डेल्टात बदला. टर्मिनल बॉक्समध्ये सहाऐवजी तीनच वायरी असतील तर बहुतेक वेळा स्टारची गाठ आत बांधलेली असते. रिवायंडिंगवाल्याकडून ती उघडून सहा टोकं बाहेर काढून घ्यावी लागतील. हे काम लेथ टेम्पोत चढवण्याआधीच, मोटर सुटी करून, तिथल्या तिथं उरकून घ्या.