कालतक्ता पाठ करण्याआधी

भूशास्त्राकडे किंवा जीवाश्मशास्त्राकडे नव्याने वळलेली मुलं सुरुवातीलाच विचारतात, "हा अख्खा कालतक्ता पाठ करायचा का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: नावं पाठ करा, आकडे नको. कँब्रियनपासून क्वाटर्नरीपर्यंतच्या १२ कल्पांचा (पृथ्वीच्या इतिहासातल्या मोठ्या कालखंडांचा) क्रम तोंडावर यायलाच हवा, कारण कुठलाही शोधनिबंध तुम्हाला तो येतो असं धरूनच लिहिलेला असतो. आकडे मात्र सुधारत राहतात. कँब्रियनची सुरुवात एका पिढीच्या पुस्तकांत ५४.२ कोटी वर्षांपूर्वी दिलेली आहे, नंतर ती ५४.१ कोटी झाली, आता ५३.८८ कोटी. सीमा आहे तिथेच आहे, मोजणी बारीक झाली. म्हणून आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोगाचा तक्ता उतरवून घ्या (तो फुकट मिळतो) आणि त्यावर छापलेलं वर्ष आधी पाहा. शोधनिबंधांत काळ दशलक्ष वर्षांत असतो, आपण विचार कोटींत करतो. दहाने भागायचं एवढंच आहे, पण एका शून्याने डायनोसॉर भलतीकडे जातात.

पृथ्वीचा इतिहास चोवीस तासांत बसवून दाखवण्याची पद्धत सगळीकडे दिसते. मला ती फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण त्यात तुम्ही स्वतः काहीच मोजत नाही. त्यापेक्षा कागदाची लांब पट्टी घ्या आणि एक मिलिमीटर म्हणजे १० लाख वर्षं धरा. पृथ्वीचं ४५४ कोटी वर्षांचं वय ४ मीटर ५४ सेंटीमीटरमध्ये बसतं. 'आज'च्या टोकाकडून मोजत मागे जा. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागातले सूक्ष्मजीवांच्या थरांचे स्ट्रोमॅटोलाइट सुमारे ३ मीटर ४८ सेंटीमीटरवर. हवेत ऑक्सिजन साचायला लागला तो काळ साधारण २ मीटर ४० सेंटीमीटरवर. ट्रायलोबाइट, मासे, नेचे, डायनोसॉर, फुलं हे सगळं शेवटच्या ५४ सेंटीमीटरमध्ये दाटीवाटीने बसवावं लागतं. स्टेगोसॉरस १५ सेंटीमीटरवर येतो आणि टायरॅनोसॉरस ७ सेंटीमीटरच्याही अलीकडे, म्हणजे काळाच्या हिशेबात टायरॅनोसॉरस स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा! आपली प्रजाती शेवटच्या ०.३ मिलिमीटरमध्ये आहे. तिथे नाव लिहायला जागा उरत नाही.

पट्टी झाली की प्रत्येक खुणेपुढे एकच प्रश्न लिहा: हे कशावरून? खरा अभ्यास इथून सुरू होतो. गाळाच्या खडकाचं वय थेट काढणं अवघड, कारण त्यातले कण मुळात त्याहून जुन्या खडकांतून झिजून आलेले असतात. म्हणून थरांमध्ये अडकलेली ज्वालामुखीची राख शोधतात. राखेतले झिरकॉनचे स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतात, शिसं जवळजवळ घेतच नाहीत. तेव्हा आज आत सापडणारं शिसं बहुतेक युरेनियमच्या क्षयातून आलेलं. त्यात युरेनियमची दोन समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) वेगवेगळ्या गतीने क्षय पावतात (अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, ४४७ कोटी आणि ७०.४ कोटी वर्षं), त्यामुळे एकाच स्फटिकातून दोन स्वतंत्र वयं निघतात आणि ती जुळतात का हे ताडून पाहता येतं. चीनमधल्या मेईशानच्या राखेमुळे पर्मियनच्या अखेरीचं वय २५.१९०२ कोटी वर्षं असं काढता आलंय, आणि तक्त्यात त्यापुढे अनिश्चितता दिली आहे अवघी २४ हजार वर्षांची.

"डायनोसॉरच्या हाडाला कार्बन-१४ का लावत नाहीत?" हा प्रश्नही हमखास येतो. त्याचं अर्धायुष्य ५,७३० वर्षं. ५० हजार वर्षांच्या पलीकडे मोजण्याजोगं फारसं काही उरतच नाही.

हाताने करायचं एक काम मात्र टाळू नका: सूक्ष्मजीवाश्म निवडणं. सागरी गाळाचा नमुना भिजवायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुवायचा, वाळवून काळ्या ताटलीत विरळ पसरायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशचं टोक ओलं करून एकेक फोरॅमिनिफेरा (कवच असलेला सूक्ष्म एकपेशी सागरी जीव) टिपायचा आणि स्लाइडच्या चौकटीत ठेवायचा. सुरुवातीला सगळे सारखेच पांढरे दाणे दिसतात. मान अवघडते, कंटाळाही येतो. मग कप्पे कसे वळलेत, तोंड कुठे आहे, कडेला धार आहे का, हे डोळ्यांना आपोआप दिसायला लागतं आणि एका दाण्यावरून थराचा काळ सांगता येतो.

ही नजर किती मोलाची, ते इटलीतल्या गुब्बिओच्या चुनखडकात दिसतं. तिथे जेमतेम सेंटीमीटरभर जाडीचा चिकणमातीचा थर आहे. खाली क्रिटेशसमधले मोठे, नक्षीदार फोरॅमिनिफेरा. वर इवलेसे, साधे. मधल्या थरात इरिडियम (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, उल्कांमध्ये जास्त असणारा धातू) नेहमीच्या सुमारे ३० पट निघालं आणि १९८० मध्ये लुइस आणि वॉल्टर आल्वारेझ या बापलेकांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासह लघुग्रह आदळून डायनोसॉरसह अनेक जीव नष्ट झाल्याची कल्पना मांडली. मेक्सिकोतलं चिक्शुलूबचं विवर हेच त्या आघाताचं ठिकाण, हे पुढे दहाएक वर्षांनी मांडलं गेलं.

उत्क्रांतीच्या भागात नवे लोक अडकतात ते 'पूर्वज' शोधण्यात. मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधल्या टप्प्यातल्या टिक्टालिक या जीवाश्माचं उदाहरण नीट वाचा. तो शोधणारे जीवाश्मशास्त्रज्ञ नील शूबिन, टेड डेश्लर आणि त्यांचे सहकारी नशिबावर विसंबून फिरत नव्हते. माशांचे आणि चार पायांच्या प्राण्यांचे तेव्हा माहीत असलेले जीवाश्म पाहून त्यांनी मधला काळ ठरवला, सुमारे ३७.५ कोटी वर्षं. मग भूशास्त्रीय नकाशावर त्या वयाचे, नद्यांच्या गाळाचे आणि उघडे पडलेले खडक हुडकले. उत्तर कॅनडातल्या एल्झमिअर बेटावर २००४ मध्ये त्यांना हवं ते मिळालं: खवले आणि कल्ले माशाचे, पण डोकं चपटं, मान मोकळी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं. इथपर्यंत गोष्ट सगळेच सांगतात. पण २०१० मध्ये पोलंडमधल्या एका जुन्या खाणीतून सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचे पावलांचे ठसे प्रसिद्ध झाले. ते चार पायांच्या प्राण्यांचेच का, यावर वाद आहे. ते तसे असतील तर टिक्टालिक आपला पणजोबा ठरत नाही, भावकीतला ठरतो. शरीररचनेबद्दल तो जे सांगतो त्याला याने धक्का लागत नाही, म्हणूनच वंशवृक्ष वाचताना मी आधी फांद्या कुठे फुटतात ते बघायला लावते. कोण कोणाच्या वर काढलंय याला अर्थ नसतो.

नोकरीचं थोडक्यात. केवळ डायनोसॉरवर काम करायच्या जागा मोजक्याच. सूक्ष्मजीवाश्मांचे जाणकार तेलविहिरींच्या खोदकामात आणि समुद्रतळातून काढलेल्या गाळावरून जुनं हवामान शोधणाऱ्या प्रकल्पांत लागतात. संग्रहालयं आहेत, अध्यापन आहे. विषय घेताना स्तरविज्ञानासोबत तौलनिक शरीररचना आणि संख्याशास्त्र घ्या. तिसरा विषय बरेच जण टाळतात आणि शोधनिबंध लिहिताना अडतात. पॅलिओबायॉलॉजी डेटाबेस या जीवाश्मांच्या माहितीसंग्रहातली नोंद सर्वांना खुली आहे; आर ही संगणकभाषा येत असेल तर ती वापरता येते. पहिला प्रकल्प म्हणून ब्रॅकिओपॉडसारखा (शिंपल्यासारखं दुहेरी कवच असलेले सागरी प्राणी) एखादा गट घ्या आणि कल्पागणिक त्याच्या प्रजातींचा आलेख काढा. आलेख कुठे चढला, तर प्रजाती खरंच वाढल्या की त्या वयाचे खडक जास्त उघडे असल्याने नमुने जास्त गोळा झाले, हे वेगळं काढायचा प्रयत्न करा. तेवढं घेऊन मार्गदर्शकाकडे गेलात की बोलणं विषयावर सुरू होतं.