खाऊचे पैसे, कुकर आणि जेसीबी: मुलांच्या हाती पैसे कसे द्यावेत

गेल्या मे महिन्यात तुळशीबागेत आमचे सात वर्षांचे चिरंजीव भातुकलीच्या दुकानापुढे अडून बसले. त्याला स्टीलचा तळहाताएवढा कुकर हवा होता. झाकण लागायचं, शिट्टी वर उचलली जायची. किंमत १२० रुपये, आणि पैसे त्याने स्वतः साठवलेले. दुकानदाराने त्याच्या हातातून कुकर काढून घेतला. "अरे, हे मुलींचं. तुला जेसीबी दाखवतो." जेसीबी तीनशेचा!

एका वाक्यात आवडही मोडीत आणि हिशेबही. तेव्हापासून मी खाऊचे पैसे आणि खेळणी हे दोन वेगळे विषय मानत नाही. आमच्या घरी जे जमलं ते असं.

आधी आकडा काढा. दोन आठवडे फ्रिजवर कागद लावा आणि हट्टापायी गेलेला प्रत्येक रुपया लिहा: वेफर्स, स्टिकर, सारसबागेबाहेरचा फुगा, वरची भेळ. आमचा आकडा आठवड्याला १४० निघाला आणि "आम्ही फार लाड करत नाही" हे वाक्य घरातून हद्दपार झालं. याच्या निम्मी रक्कम ठरवा आणि दर रविवारी सकाळी द्या. वयाप्रमाणे कमीजास्त करा, मुलगा-मुलगी पाहून नको. वाण्याकडे दही आणायलाही दोघांना पाळीपाळीने पाठवा. सुट्टे मोजून घेण्याचा सराव बऱ्याच घरांत नकळत फक्त मुलालाच मिळतो.

पैसे रोखच द्या. आपण दिवसभर क्यूआर स्कॅन करत फिरतो, त्यामुळे पैसा संपतो हे मुलांना दिसतच नाही. मातीचा गल्ला देखणा असतो, पण फोडेपर्यंत आत किती जमलंय ते कळत नाही. लोणच्याची रिकामी काचेची बरणी बरी.

कामाची मजुरी देऊ नका. "पाढे म्हटले की दहा रुपये" असं सुरू केलंत, तर महिन्याभरात ताट उचलायचेही पैसे मागतील.

चुकू द्या. पुणेकरांना ही पायरी सगळ्यात जड जाते, कारण टोमणा गिळावा लागतो. लेकीने महिन्याचे सगळे पैसे स्लाइमवर घालवले. तिसऱ्या दिवशी ते वाळून रबर झालं. "सांगितलं होतं ना" माझ्या अगदी ओठावर आलं होतं. नाही बोलले. पुढच्या वेळी दुकानात तिनेच डबी उलटी करून वास घेतला, झाकण तपासलं आणि परत ठेवली. उचल मागितली तर एकदाच द्या आणि येत्या रविवारी कापून घ्या. माफ केलेली उचल ही उचल राहत नाही.

दुकानात काय बोलायचं ते घरूनच ठरवून जा. "मुलासाठी काहीतरी दाखवा" म्हणालात की गाड्या आणि बंदुका पुढे येतात, "मुलीसाठी" म्हणालात की गुलाबी बाहुली. त्याऐवजी वय आणि खेळ सांगा: "सात वर्षं, स्वयंपाकाचा खेळ हवाय." मुलालाही आधी विचारा, याच्याशी घरी जाऊन काय खेळणार? उत्तर न सुचल्यास सहसा मागणी जाहिरातीची असते. आणि रंगापेक्षा आयएसआय चिन्ह शोधा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ते १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे, कारागिरांच्या काही हस्तकलेच्या वस्तू वगळून. पत्र्याच्या भातुकलीच्या कडांवरून एकदा स्वतःचं बोट फिरवा.

आजी-आजोबांशी वाद घालू नका. "मुलगा असून भांडी?" यावर मी भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच कुकरमधून आजींना चुरमुऱ्यांचा "भात" वाढला गेला, तोही तूप घालून. त्यांनी दोनदा मागून घेतला.

दहा वर्षं पूर्ण झाली की बँकेत न्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः बचत खातं चालवता येतं. मर्यादा बँक ठरवते, ती शाखेत विचारून घ्या. पैसे भरायची स्लिप मुलालाच लिहू द्या. लेकीच्या नावे सुकन्या समृद्धी खातं असेल तर उत्तमच, पण ते ती १८ वर्षांची होईपर्यंत पालकच चालवतात. त्यातून तिला व्यवहार कळेल अशी आशा नको.

भाऊबीजेची नोट तुम्ही देऊ नका. बहुतेक घरांत बाबा ऐनवेळी मुलाच्या हातात शंभराची नोट कोंबतात आणि तो ती ताटात टाकतो. त्यात त्याचं काय गेलं? यंदा मी आठवडाभर आधी सांगून ठेवलं: ओवाळणी स्वतःच्या बरणीतून. त्याने वीस रुपये टाकले. लेकीने नोट उलटसुलट करून पाहिली. यंदाचा किल्ला तिने रचला होता, पोतं, माती, अळीव पेरण्यासकट, आणि रांगोळी घालायचं साफ नाकारलं होतं.

"एवढेच?" ती म्हणाली.

"मग मावळे कुणाच्या पैशाचे आणले?"