बर्लिनचा पत्ता पिनकोडपासून वाचा

नवीन आलेल्या प्रत्येकाला मी आधी एवढंच सांगतो की बर्लिन ही बरीच गावं एकत्र आणून झालेली राजधानी आहे. १ ऑक्टोबर १९२० रोजी जुन्या बर्लिनला सात शहरं, ५९ खेडी आणि २७ जमीनदारी इलाखे जोडले गेले आणि त्यांचे २० बेत्सिर्क, म्हणजे प्रशासकीय विभाग झाले. गावं शहरात आली, पण रस्त्यांची नावं बहुतेक तशीच राहिली. म्हणून इथे हाउप्टश्ट्रासे, म्हणजे 'मुख्य रस्ता', एक नाही, बर्लिनर श्ट्रासेही एक नाही.

याची किंमत मी मोजली आहे. भाड्याची खोली ठरली होती आणि किल्ली घ्यायला मी श्योनेबेर्गच्या हाउप्टश्ट्रासेवर जाऊन उभा राहिलो. घर होतं लिख्टेनबेर्गकडच्या हाउप्टश्ट्रासेवर. पत्त्यात १०३१७ लिहिलं होतं, मी उभा होतो १०८२७ मध्ये. तिथे पोहोचेपर्यंत खोली दुसऱ्याला गेली होती आणि पुढचा महिना मला महागड्या तात्पुरत्या जागेत काढावा लागला. पिनकोड वाचा. नकाशात रस्त्याचं नाव टाकताना पिनकोड टाका. फोनवर पत्ता घेतलात तर पिनकोड विचारा. घरक्रमांकही जपून बघा: जुन्या रस्त्यांवर ते एका बाजूने चढत जातात आणि टोकाला वळून दुसऱ्या बाजूने परत येतात, त्यामुळे ५ च्या समोर १४० असू शकतो. कोपऱ्यावरच्या पाटीवर त्या टप्प्यातले क्रमांक लिहिलेले असतात.

आज बेत्सिर्क १२ आहेत. पूर्व बर्लिनमध्ये नव्या वसाहतींमुळे तीन वाढून ते २३ झाले होते. १ जानेवारी २००१ ला त्यातले बहुतेक एकमेकांत विलीन केले. फ्रीडरिख्सहाइन पूर्वेचं, क्रॉइत्सबेर्ग पश्चिमेचं, मध्ये भिंत होती. आता दोघांचा एकच विभाग आहे. मिटे विभागात तर वेडिंग आणि मोआबीटही येतात. आपली मंडळी 'मिटेतच घर बघ, वेडिंगला नको' असा सल्ला देतात तेव्हा मला वाईट वाटतं. वेडिंगमध्ये मी चार वर्षं राहिलो, शेजार उत्तम होता. ऐकीव भीतीवर घर नाकारू नका, इथे घरं मिळणं फार कठीण आहे.

आनमेल्डुंगसाठी, म्हणजे पत्ता नोंदवायला, शहरातलं कुठलंही ब्युर्गरआम्ट, म्हणजे नागरिक सेवा कार्यालय, चालतं. आपल्याच विभागातली वेळ मिळावी म्हणून अडून बसू नका. श्पांडाउला मिळाली तर श्पांडाउला जा. राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नोंद करायची असते, आणि घरमालकाच्या सहीचा दाखला सोबत हवाच.

मुलं असतील तर मात्र विभाग महत्त्वाचा. पाळणाघराचं कूपन तुमच्या बेत्सिर्कच्या युगेंडआम्टकडून, म्हणजे बाल-युवक कल्याण कार्यालयाकडून मिळतं, आणि पहिलीची शाळा नोंदवलेल्या पत्त्यावरून ठरते. घर पक्कं करण्याआधी तो पत्ता कुठल्या शाळेच्या हद्दीत येतो ते विचारून घ्या.

टपालपेटीवर आडनाव लावा, पहिल्याच दिवशी.