अस्वलांच्या मुलखात पायी फिरताना सोबत बाळगायचे पिस्तूल कसे निवडावे

अमेरिकेत स्थायिक झालेली बरीच मराठी मंडळी हल्ली वायोमिंग, मोंटाना किंवा अलास्काच्या रानात पाठपिशवी घेऊन चारचार दिवस भटकतात, आणि सामानाची यादी करताना पिस्तूल न्यावे का, न्यायचे तर कोणते, हा विषय कधी ना कधी निघतोच. दुकानात गेल्यावर याचे उत्तर बहुधा काडतुसाच्या आकारावरून दिले जाते. माझ्या मते काडतुसाचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी कायदा पाहावा, मग त्या रानात कोणते प्राणी आहेत ते पाहावे, मग पिस्तूल अंगावर कुठे राहणार ते ठरवावे आणि त्यानंतर आपल्या हाताला काय पेलते हे तपासावे. एवढे झाले की काडतुसाचे पर्याय आपोआप दोन-तीनवर येतात.

कायद्यातली पहिली अट आपल्या लोकांना विशेष लागू पडते. एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा पर्यटक अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा नुसते काडतूस जवळ बाळगणे हाच संघराज्याच्या कायद्यानुसार गुन्हा आहे. अमेरिकेतील राज्याचा वैध शिकार परवाना असल्यास त्याला अपवाद मिळतो. परंतु इथली चूक थेट देशातल्या वास्तव्यावर बेतते, म्हणून त्या अपवादाच्या भरवशावर राहण्यापूर्वी वकिलाला विचारावे. ग्रीन कार्डधारक आणि नागरिक यांना ही बंदी नाही, मात्र परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. भारतातून भेटीला आलेल्या मेहुण्याच्या हातात वाटेत ‘जरा धर’ म्हणून पिस्तूल देणे यामुळेच अंगाशी येऊ शकते. भारतातल्या अभयारण्यांत तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीवाचून शस्त्र घेऊन शिरताच येत नाही, त्यामुळे पुढचे विवेचन आपल्याकडच्या जंगलांना लागू करू नये.

राष्ट्रीय उद्यानांत २२ फेब्रुवारी २०१०पासून बंदूक बाळगण्याच्या बाबतीत ज्या राज्यात ते उद्यान आहे त्या राज्याचा कायदा चालतो. यलोस्टोन वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो अशा तीन राज्यांत पसरलेले असल्यामुळे आपली वाट कोणत्या राज्यातून जाते हे नकाशावर आधीच पाहून ठेवावे. उद्यानातील माहिती केंद्रे व रेंजरची कार्यालये या सरकारी इमारतींत मात्र शस्त्र नेता येत नाही. कॅलिफोर्निया इतर राज्यांचे परवाने मानत नाही. गाडीने अलास्काला जायचा बेत असेल तर मध्ये कॅनडा लागतो आणि तिथे पिस्तुलांवर अत्यंत कडक निर्बंध आहेत, त्यामुळे पिस्तूल न्यायचे असल्यास विमानाचाच मार्ग सोयीचा. विमानात ते रिकामे करून, कुलूपबंद टणक पेटीत, काउंटरवर तसे सांगून, सामानकक्षात जाणाऱ्या सामानातच द्यावे लागते.

आता प्राण्यांकडे वळू. कॅलिफोर्नियाच्या ध्वजावर ग्रिझली, म्हणजे उत्तर अमेरिकेतले मोठे तपकिरी अस्वल, असला तरी त्या राज्यातून तो गेल्या शतकातच नाहीसा झाला, आणि तिथे आता फक्त काळे अस्वल उरले आहे. ग्रिझलीची खरी भीती यलोस्टोन व ग्लेशियर उद्यानांच्या परिसरात आणि अलास्कात असते. अलास्काच्या किनाऱ्यावरची तपकिरी अस्वले तर त्याहूनही थोराड असतात. मूस (एक प्रचंड हरीण) आणि पर्वतीय सिंह (प्यूमा) यांच्याशीही गाठ पडू शकते. यांतल्या बहुतेक भेटींत बंदुकीची पाळी येत नाही. यलोस्टोनचे नियम अस्वल व लांडगा यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, दूर राहायला सांगतात. तीन किंवा अधिक जणांनी एकत्र, आवाज करत चालावे आणि हाताशी बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, असावा, अशी तिथली शिफारस आहे.

स्प्रेचा उल्लेख अनेक बंदूकप्रेमींना खटकतो, परंतु आकडे पाहण्यासारखे आहेत. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातील घटना गोळा करून २००८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात तपकिरी अस्वलांवर स्प्रे मारल्यावर ९२ टक्के प्रसंगांत त्यांचे नको ते वर्तन थांबले. त्याच मंडळींनी २०१२ मध्ये बंदुकीच्या २६९ घटनांचा अभ्यास मांडला, तेव्हा पिस्तुलांचे यश ८४ टक्के, तर लांब नळीच्या बंदुकांचे ७६ टक्के निघाले. आणि बंदूक जवळ असलेल्यांपैकी ज्यांनी ती चालवली व ज्यांनी चालवली नाही, त्यांच्या इजांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यासांतले प्रसंग वेगवेगळे असल्यामुळे हे टक्के एकमेकांशेजारी मांडून निकाल लावणे योग्य नाही. तरी पिस्तूल हे स्प्रेच्या जोडीला घ्यायचे साधन आहे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. वारा तोंडावर असेल किंवा आपण तंबूत असू तेव्हा स्प्रे अपुरा पडतो, आणि पिस्तुलाची जागा तिथे आहे. स्प्रे विमानात कुठल्याही सामानात चालत नाही, तो उतरल्यावर विकत घ्यावा लागतो. योसेमिटीत तर तो बाळगायलाही मनाई आहे.

पिस्तूल अंगावर कुठे राहणार, या प्रश्नाकडे फार दुर्लक्ष होते. शहरात कमरेला लावायचे होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे म्यान, रानात निरुपयोगी ठरते, कारण मोठ्या पाठपिशवीचा जाड कंबरपट्टा नेमका त्याच जागेवर आवळला जातो. घरीच हा प्रयोग करून पाहावा: पिशवीत खरेखुरे १५ किलो सामान भरावे, सगळे पट्टे बांधावेत, वर पावसाळी जाकीट चढवावे, आणि रिकामे असल्याची दोनदा खात्री केलेले पिस्तूल काढायचा प्रयत्न करावा. हात पट्ट्याच्या गादीवर आपटतो, अंगठा मुठीमागे शिरत नाही, आणि जाकिटाची चेन बंद असेल तर प्रकरण तिथेच संपते. पिशवीच्या कप्प्यात ठेवलेले पिस्तूल म्हणजे निव्वळ वजन होय. म्हणून अलास्कातले गाईड आणि मासेमारीला जाणारे लोक छातीवर तिरके बसणारे होल्स्टर वापरतात, जे पिशवीच्या पट्ट्यांखालून बांधता येते आणि पिशवी उतरवल्यावरही अंगावरच राहते. त्यात चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, वाकल्यावर किंवा घसरून पडल्यावर पिस्तूल निसटता कामा नये, आणि ते बाहेर काढताना नळीचे तोंड आपल्याच डाव्या हातावरून फिरणार नाही अशी सवय सुरुवातीपासून लावून घ्यावी. स्प्रे दुसऱ्या हाताला सापडेल अशा जागी लावावा.

छातीवर दिवसभर वागवायचे म्हटल्यावर वजनाला अर्थ येतो. ग्लॉक कंपनीचे १० मिमी काडतुसाचे ग्लॉक २० हे पिस्तूल पूर्ण भरल्यावर साधारण १,१०० ग्रॅम भरते. ४ इंची नळीचे, .४४ मॅग्नम या जोरदार काडतुसाचे पोलादी रिव्हॉल्व्हर त्याहून जड असते. वजन खुपते म्हणून लोक स्कँडियमच्या मिश्रधातूच्या हलक्या रिव्हॉल्व्हरकडे वळतात आणि तिथे फसतात. स्मिथ अँड वेसनचे ३२९पीडी हे रिव्हॉल्व्हर .४४ मॅग्नमचे असूनही रिकामे असताना सुमारे ७०० ग्रॅमचेच आहे. बाळगायला सुखाचे, पण पूर्ण ताकदीचे काडतूस उडवल्यावर त्याचा झटका तळहाताच्या हाडापर्यंत पोचतो, आणि दुसरी गोळी झाडताना हात आधीच आखडलेला असतो. शिवाय इतक्या जोराच्या झटक्याने रिव्हॉल्व्हरच्या काडतुसे धरणाऱ्या फिरत्या चक्रातल्या न उडालेल्या काडतुसांमधील गोळ्या पुढे सरकून बाहेर डोकावतात, चक्र अडते आणि रिव्हॉल्व्हर ऐन वेळी फिरतच नाही. शूटिंग रेंजवर वेगवेगळी पिस्तुले भाड्याने मिळतात. ती चालवून पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

तिथे काय तपासायचे? ग्रिझली ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने धावू शकतो, म्हणजे एका सेकंदात १५ मीटर. तो ३० मीटरवरून सुटला तर हातात दोनच सेकंद उरतात. म्हणून सात मीटरवर जेवणाच्या कागदी ताटलीएवढे लक्ष्य लावावे आणि तीन-चार गोळ्या भराभर, एकही बाहेर न जाऊ देता, त्यात बसतात का ते पाहावे. ज्या पिस्तुलाने हे जमत नाही ते, त्याची ताकद कितीही असली, आपल्यासाठी मोठे आहे.

रिव्हॉल्व्हर घ्यावे की मॅगझीनचे, म्हणजे मुठीत सरकवायच्या काडतुसांच्या डबीचे, पिस्तूल, हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंना तथ्य आहे. रिव्हॉल्व्हर प्राण्याच्या अंगाला टेकवूनही चालते, ढिल्या मनगटाने धरले तरी अडत नाही. पण त्याचा दुहेरी क्रियेचा चाप, म्हणजे एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा, लांब व जड असतो आणि गोळ्या पाच किंवा सहाच. मॅगझीनच्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, अंगावर दाबली गेली तर ते उडत नाही आणि मनगट ढिले पडले तर काडतूस अडकू शकते. पण ग्लॉक २०मध्ये १५ गोळ्या बसतात, झटका सौम्य असतो आणि नवशिक्याला ते लवकर साधते. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या घसरगाड्यांवरून गस्त घालणारे डेन्मार्कचे सिरियस पथक पांढऱ्या अस्वलांपासून बचावासाठी हेच पिस्तूल बाळगत आले आहे. ज्याने आयुष्यात फारसे रिव्हॉल्व्हर चालवलेले नाही त्याने याच बाजूला जावे, असे माझे मत आहे.

काडतूस आता ठरवावे. काळे अस्वल व पर्वतीय सिंह यांच्यासाठी .३५७ मॅग्नम पुरेसे आहे, आणि घरात ९ मिमीचे पिस्तूल आधीच असेल व त्यावर हात बसलेला असेल तर नव्याची गरज नाही. २०१६ मध्ये अलास्कातल्या एका अनुभवी गाईडने चालून आलेले तपकिरी अस्वल ९ मिमीनेच थोपवले होते. अर्थात ते त्या हाताचे श्रेय होते, त्यावरून सर्वसाधारण नियम काढू नये. ग्रिझलीच्या मुलखात १० मिमी किंवा .४४ मॅग्नम घ्यावे. .४५४ कॅसुल आणि .५०० ही काडतुसे सरावलेल्या मोजक्या लोकांसाठी आहेत. व्यासापेक्षा गोळीचा प्रकार अधिक महत्त्वाचा ठरतो. घरच्या संरक्षणासाठी वापरतात ती पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरताच फुलते आणि चरबी, जाड स्नायू व हाडे यांत लवकर थांबते. अस्वलासाठी खोल जाणारी, सपाट टोकाची, कठीण शिश्याची ओतीव किंवा भरीव तांब्याची गोळी लागते. ग्लॉकच्या मूळ नळीत आवरण नसलेल्या शिश्याच्या गोळ्या वापरू नयेत असे कंपनीच सांगते, म्हणून त्यात तांब्याच्या गोळ्या घ्याव्यात किंवा वेगळी नळी बसवावी. निवडलेल्या काडतुसांची दोन-तीन खोकी महाग पडली तरी त्याच मॅगझीनमधून उडवून पाहावीत. अडखळणारे काडतूस रेंजवरच कळलेले बरे.

गोळी झाडावी लागलीच तर पुढचे काम कागदोपत्री आहे. अलास्काबाहेरच्या सलग ४८ राज्यांत ग्रिझली १९७५पासून संरक्षित आहे, त्यामुळे स्वसंरक्षणाचा प्रसंग असला तरी अधिकाऱ्यांना लगेच कळवावे लागते आणि जागेची मोडतोड न करता थांबावे लागते. अलास्कात तर कातडे नखांसकट सोलून, कवटीसह राज्याच्या स्वाधीन करावे लागते आणि १५ दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. यासाठी वाटेला लागण्यापूर्वीच संबंधित कार्यालयाचा फोन नंबर कागदावर लिहून घ्यावा, कारण या रानांत मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते; आणि पिशवीत एक धारदार सुरी असू द्यावी.